चौथा चतकोर

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. तिला चिमटी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिची पाठ वळली की चिमटी. घरात ती धाकटी. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचे केस पिकले तरी तिला धाकटी म्हणायचा हक्क मी काही सोडला नाही.

आम्ही दोघी एकाच बुटांच्या कारखान्यात होतो. मी अगदी शेवटच्या टेबलावर. तयार बूट कागदात गुंडाळायचा, जोडी डब्यात निजवायची, झाकण लावायचं. या कामाला अक्कल लागत नाही असं धाकटी म्हणायची. पण डब्यात दोन्ही डावेच बूट गेले की किती अक्कल लागते ते साहेब उभं करून सांगतात. मला एकदा सांगितलं होतं.

धाकटी सोळाव्या वर्षी धागे तोडायला लागली. शिवून आलेल्या कातड्याची लोंबती दोऱ्याची टोकं कात्रीने उडवायची, एवढंच काम. तिथून ती गोंदाच्या टेबलावर गेली, तिथून शिवणीवर, आणि चोविसाव्या वर्षी टोकाच्या मशीनवर. टोकाचं मशीन म्हणजे बुटाचं पुढचं टोक घडवणारं, कारखान्यातलं सगळ्यात अवघड. पायाच्या आकाराचा साचा असतो, त्यावर शिवलेलं कातडं उलटं चढवायचं आणि मशीनमध्ये धरायचं. सात चिमटे कातड्याची कड पकडतात. पहिल्यांदा पेडल दाबलं की ओढतात. दुसऱ्यांदा दाबलं की तापलेलं तोंड खाली येतं आणि कड तळाला चिकटवून टाकतं. या दोन दाबांच्या मधे चार श्वास मिळतात. तेवढ्यात हाताने कातडं सरळ करायचं. वाकडं राहिलं तर बुटाचं नाक आयुष्यभर वाकडं.

तिला हे कुणी शिकवलं नाही. त्या मशीनवर एक म्हातारा कारागीर होता, तो हात दिसू नयेत म्हणून सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. धाकटीने काय केलं, तर आपली पाण्याची बाटली अशा खिडकीत नेऊन ठेवली की तिथून त्याचे हात दिसत. आठ महिने ती घटाघटा पाणी पीत होती. आईला वाटलं पोरीला मधुमेह झाला. मग एक दिवस म्हातारा तापाने घरी राहिला. धाकटी कुणाला न विचारता मशीनपुढे जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिने तीनशे जोड काढले. तीन दिवसांनी म्हातारा आला, डबा हातात धरून तिच्यामागे बराच वेळ उभा राहिला. ती काही बाजूला झाली नाही. साहेबांनी त्याला गोंदाच्या टेबलावर बसवलं.

मी तिला म्हटलं, "अगं, जरा तरी लाज. बापाच्या वयाचा आहे."

"त्याने मला शिकवलं का?" ती म्हणाली. "नाही ना? मग मी त्याचं काय देणं लागते?"

त्यानंतर तेवीस वर्षं ती त्या मशीनपुढे उभी राहिली. उभीच. टोकाच्या मशीनला बसून काम होत नाही. तिच्या पोटऱ्यांवर शिरांच्या निळ्या गाठी आल्या. संध्याकाळी घरी आली की भिंतीला पाय लावून पडायची, आणि त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही. आख्ख्या शेडमध्ये बायकांसाठी खुर्ची एकच होती, लाइनबाईची. एका चौथऱ्यावर, खिडकीपाशी. लाइनबाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरची. ती दिवसभर बसायची, वही बघायची, आणि मधूनच उठून कुणाला तरी झापून यायची. धाकटीला तीच खुर्ची हवी होती. झापणं तर तिला उभ्यानेही जमत होतं.

आता खुर्ची कशी मिळते ते सांगते. दारापाशी एक मोठा फळा होता. उभ्या ओळीत आमची नावं, आडव्या ओळीत मशीनं, आणि प्रत्येक चौकटीत एक गोल. गोलाचे चार भाग. साहेब त्याला काही म्हणोत, आम्ही चतकोर म्हणायचो. मशीन शिकायला लागलात की एक चतकोर काळा करायचे. कुणी शेजारी उभं असताना काम जमलं की दुसरा. एकटीला जमलं की तिसरा. आणि चौथा तेव्हा, जेव्हा तुम्ही शिकवलेली बाई परीक्षेत पास होते. टोकाच्या मशीनचा गोल पूर्ण भरल्याशिवाय लाइनबाई होता येत नाही, आणि अठ्ठेचाळीस उलटले की मुळीच होता येत नाही. फळ्याच्या खाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. ते मी कधी वाचलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. धाकटी सातवीपर्यंत गेली, पण ती फक्त गोल बघायची.

तिचे तीन चतकोर पंचविसाव्या वर्षीच काळे झाले होते. चौथा बावीस वर्षं पांढरा. कारण तिच्या हाताखाली कुणी टिकतच नसे. चिमटी हे नाव उगीच पडलं नव्हतं. शिकणारीने टोकाला एक सुरकुती पाडली की ही दंडाला एक चिमटा काढायची. दोन सुरकुत्या, दोन चिमटे. मशीनचे सात आणि हिचा आठवा, असं बायका म्हणायच्या. पाच जणी आल्या. पहिली आठवड्यात शिवणीवर परत गेली. दुसरीने साहेबांपुढे दंड उघडा करून दाखवला. तिसरी कारखाना सोडून घरकामाला लागली आणि म्हणाली, "भांडी तरी चिमटे काढत नाहीत." उरलेल्या दोघींचं काही आठवत नाही, एवढ्या लवकर गेल्या.

आणि मग मीच ते बोलून बसले. एका दुपारी चहाच्या वेळी धाकटी कुरकुरत होती, की सत्तेचाळीस संपत आलं, कुणी टिकत नाही, सगळ्या पळतात. मी हसत म्हणाले, "पळणार नाही अशी एकच आहे. तुझी सून. ती पळून कुठे जाणार?"

मी गंमत केली होती. तिने कप खाली ठेवला.

सून तेव्हा चोवीसची. एका कापडाच्या दुकानात उभी असायची, गिऱ्हाइकाला गोड बोलायची. दहावी झालेली, हाताने चपळ, बोलायला कमी. तिचा नवरा, म्हणजे आमचा भाचा, मालाच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातून दोन दिवस घरी. धाकटीने पंधरा दिवसांत तिला दुकानातून काढून कारखान्यात आणलं. पगार जास्त होता, म्हणून मुलगा काही बोलला नाही. सुनेला कुणी विचारलंच नाही.

कारखान्यात आठ तास, आणि घरी आल्यावर आणखी दोन. धाकटीने एक मोडका साचा घरी आणला होता. स्वयंपाक झाला की ओट्यावर साचा ठेवायचा, त्यावर जुन्या फडक्याचं कातडं करायचं, कपडे वाळत घालायचे चिमटे कडेला लावायचे आणि सुनेने डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, ते मधोमध आणायचं. धाकटी समोर पाय वर करून बसलेली.

"कुठे आहे नाक?"

"मधे आहे, आई."

"मधे म्हणजे? तुझ्या बापाच्या मधे?" आणि चिमटा.

पहिल्याच आठवड्यात सुनेचा हात भाजला. मशीनच्या तापलेल्या तोंडाखाली बोटं किती आत न्यायची हे सांगावं लागतं. धाकटीने सांगितलं नाही. तीन बोटांची कातडी सोलून निघाली. मी मलम घेऊन धावले तर धाकटी म्हणते, "सांगून कळत नाही, ताई. एकदा भाजलं की हात जन्मात तिकडे जात नाही. मलाही असंच कळलं." सून फडकं बांधून दुसऱ्या दिवशी उभी राहिली.

आणि खरं सांगायचं तर पोरीला हात होता. चार महिन्यांत ती असं काम करू लागली की सरकत्या पट्ट्यावरून बूट आले की हा सासूचा की सुनेचा, मला ओळखू येईना. सासू तिला एकदाही बरं म्हणाली नाही. मला मात्र हळूच म्हणाली, "माझ्याहून बरी होईल ही." आणि लगेच, "तिला सांगशील तर याद राख."

परीक्षा सहाव्या महिन्यात होती. तिच्या तीन आठवडे आधी एका सकाळी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. सुनेच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं, मुलीला पाठवा, ते तिचं नाव घेताहेत. ऑफिसातल्या कारकुनाने घरचं माणूस म्हणून धाकटीला बोलावलं. ती परत आली, मशीनपाशी गेली, सुनेच्या शेजारी उभी राहिली आणि काम बघत राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिने मला सांगितलं.

मी म्हटलं, "अगं, मग तिला सोड ना!"

"आज पहिल्यांदा तिचा हात न थांबता चाललाय. आता मधे तोडला तर बसलेली लय जाईल. पाचला सांगते."

"आणि तोवर काही झालं तर?"

"ती काय डॉक्टर आहे, ताई? जाऊन करणार काय?"

मी पुन्हा माझ्या टेबलाशी गेले. सून माझ्यापासून वीस पावलांवर होती. मी डबे भरले. पाचला धाकटीने तिला सांगितलं. सून साडेसातला पोहोचली. वडील चारला गेले होते.

ती तेरा दिवसांनी परत आली. कारकुनाने तिला विचारलं, "अहो, सकाळीच फोन आला होता, तुम्ही एवढा उशीर का केलात?" तो भला माणूस होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. सुनेने त्याला म्हटलं, "बस मिळाली नाही." मग ती दारातल्या फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आपलं नाव बघते आहे. घरी आल्यावर ओट्यावरच्या साच्यापुढे उभी राहिली. आधीपेक्षा मन लावून काम करू लागली. धाकटी मला म्हणाली, "बघ, दुःख कामाला लागलं."

परीक्षेच्या दिवशी पट्टा बंद ठेवला होता. मोठ्या ऑफिसातून परीक्षक आला. किडकिडीत माणूस, खिशात लोखंडी पट्टी, म्हणून आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो. वीस मिनिटांत बारा जोड काढायचे, चोवीस बूट. नाक एका मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेलं चालायचं नाही. सगळ्या बायका गोळा झाल्या. टोकाच्या दुसऱ्या मशीनवरची बाई खांबाला टेकून जांभया देत होती. तिला आम्ही जांभईच म्हणायचो. तिचेही तीन चतकोर काळे होते आणि चौथ्यासाठी तिने आयुष्यात बोट हलवलं नव्हतं.

सुनेने सोळा मिनिटांत चोवीस बूट काढून बाकावर मांडले. एकाही टोकाला सुरकुती नाही. धाकटीचा चेहरा मी बघितला. असा चेहरा तिच्या लग्नातसुद्धा नव्हता.

फूटपट्टीने पहिला बूट उचलला, पट्टी लावली. "दोन मिलिमीटर. डावीकडे." दुसरा उचलला. "दोन, डावीकडे." तिसरा, चौथा. पाचव्याला त्याने चष्मा काढून पुसला. चोवीसच्या चोवीस मोजले. सगळे दोन, डावीकडे.

त्याने धाकटीला बाजूला बोलावलं. मी ढकलगाडी घेऊन तिथेच होते.

"बाई, मी वीस वर्षं मोजतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "माणूस चुकतं तेव्हा कधी इकडे चुकतं, कधी तिकडे. एकसारखं चुकत नाही. हे मुद्दाम केलंय. मुद्दाम माल बिघडवला असं मी लिहिलं तर ही आज संध्याकाळी घरी जाईल, कायमची. तुम्ही शिकवलंय तिला. काय लिहू?"

धाकटीने बाकाकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. सरळ नाक काढणं एक वेळ सोपं. दोन मिलिमीटर वाकडं, चोवीस वेळा, चार श्वासांत, हे तिला स्वतःलाही जमलं नसतं. त्या शेडमध्ये इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं, आणि ते तिनेच शिकवलेलं होतं. पण हे बोलून दाखवलं तर सून जाणार, आणि सून गेली की चतकोरही गेला. दुसरी शिकणारी तिच्याकडे येणार कुठून?

सून हात पुसत उभी होती. सासूकडे बघत होती, अगदी शांत.

"चुकलं तिचं," धाकटी म्हणाली.

"मोठ्याने सांगा, साहेबांना ऐकू जाऊ दे."

"चुकलं तिचं. मीच नीट शिकवलं नाही."

मागून जांभईचा आवाज आला, "अगं बाई! चिमटीला शिकवता येत नाही!" आणि बायका हसल्या. दंडावर जिच्या कधी काळे डाग पडले होते तीही त्यांत होती, आणि तिचं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं.

घरी जाताना धाकटी वाटेत एवढंच म्हणाली, "तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा असते. माझ्या वाढदिवसाच्या आधी. बघते कशी चुकते ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आपला डबा घेऊन दुसऱ्या मशीनपाशी गेली. जांभईच्या शेजारी. धाकटी तिच्या मागे धावली, दंड धरला. "इकडे कुठे चाललीस?"

"फळ्यावर लिहिलंय, आई. खाली, बारीक अक्षरांत. शिकणारी नापास झाली तर पुढची परीक्षा दुसऱ्या शिकवणारीकडून."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. वडील गेल्यावर परत आले, त्या दिवशी वाचलं." आणि तिने आपला दंड सोडवून घेतला. जोर नाही केला. एकेक बोट उचलून बाजूला केलं.

धाकटी साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, नियम आहे. ती म्हणाली, मी सहा महिने घाम गाळलाय. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच पन्नास जणींसमोर म्हणालात ना, नीट शिकवलं नाही?"

त्या तीन महिन्यांत जांभईने सुनेला काय शिकवलं? मी सुनेला विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, उभ्याने डुलकी कशी काढायची ते शिकवलं. खांबाला डावा खांदा लावायचा, उजवा नाही. खरंच झोप लागते."

पुन्हा फूटपट्टी आला. सुनेने चौदा मिनिटांत चोवीस बूट काढले. त्याने मोजले. सरळ. तो म्हणाला, असं मी बघितलं नाही. मग कारकुनाने शिडी आणली, काळा रंग आणला, आणि जांभईच्या गोलात चौथा चतकोर भरला. जांभई खाली उभी राहून बघत होती. ती त्या वेळीही जांभई देत होती, पण या वेळी हात तोंडावर धरून. जुनी लाइनबाई दिवाळखोर माणसासारखी वह्या आवरून महिनाअखेरीला निवृत्त झाली आणि जांभई खुर्चीवर बसली. धाकटीला त्याच महिन्यात अठ्ठेचाळीस पूर्ण झाले.

मला वाटलं होतं घरात काहीतरी होईल. भांडण, रडारड, वेगळं बिऱ्हाड. काही झालं नाही. धाकटीने मोडका साचा कारखान्यात परत नेऊन दिला. चिमटे दोरीवर गेले, कपड्यांना. सून स्वयंपाक करायची, सासूला वाढायची, पाणी द्यायची. "आई, आणखी घ्या." "नको." एवढं बोलणं. भाचा घरी आला की म्हणायचा, आमच्या घरात किती शांत वाटतं.

धाकटी आणखी दहा वर्षं त्या मशीनपुढे उभी राहिली. सुनेचं मशीन शेजारीच. जांभई चौथऱ्यावरून मधूनच ओरडायची, "चिमटे, हात चालव!" आता तोंडावर म्हणायला हरकत नव्हती. सुनेनेही आपल्या हाताखाली दोघींना शिकवून पास केलं. तिचा गोल केव्हाच भरला. ती चिमटा काढत नसे. पण तिच्या शिकाऊ मुलींची बोटं मी पाहिली आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांचीही भाजायची. मी एकदा विचारलं, "अगं, सांगत का नाहीस त्यांना?" ती म्हणाली, "सांगून कळत नाही, मावशी."

धाकटीच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही तिघी पायी घरी निघालो. मी तेव्हा केव्हाच घरी बसले होते, मुद्दाम तिला आणायला गेले होते. कारखान्याने तिला एक बुटांची जोडी दिली होती, डब्यात. ती दर पन्नास पावलांवर थांबायची, कुठल्यातरी भिंतीला टेकायची. पोटऱ्या टरटरून सुजलेल्या. सून तिच्यासोबत थांबायची, पण हात धरत नव्हती.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा धाकटी सुनेकडे न बघता म्हणाली, "त्या चोविसांत एक अडीच होता."

दहा वर्षांत या गोष्टीवर दोघींत एक अक्षर झालं नव्हतं. मला वाटलं सून म्हणेल, कुठले चोवीस?

सून म्हणाली, "अकरावा."

"फूटपट्टीला दिसला नाही. मला दिसला."

"त्या वेळी मी तुमच्याकडे बघितलं होतं," सून म्हणाली. "तुम्ही हसत होता."

धाकटीने मान हलवली. "काम करताना वर बघायचं नसतं," ती म्हणाली, आणि भिंत सोडून चालू लागली.